सहावा हिरवा ग्लास

बसा. त्या खुर्चीवर नको, तिथल्या खोक्यात जांभळ्या बशा आहेत. पलंगावरही नको, उशीमागे गुलाबी फुलदाणी आहे. इथे माझ्याजवळ स्टुलावर बसा, आणि पाय जरा आवरून घ्या. हां. आता हा काय प्रकार झाला ते तुम्हाला पहिल्यापासून सांगतो. ऐकून म्हणाल, म्हातारा थापा मारतोय. म्हणा खुशाल. गेल्या पंधरा-वीस दिवसांत मला इतके धक्के बसलेत, की परवा पंख्याच्या बटणाचा शॉक बसला तेव्हा वाटलं, चला, हा तरी साधा आहे.

मी काचवाला. खिडक्यांना काचा बसवायचो. शिक्षण सातवी, म्हणजे सातवीत बसत होतो, पास झालो असं छातीवर हात ठेवून कुणी सांगू शकत नाही. पण काच मला कळते. चाळीस वर्षं तेच केलं. टिचकी मारली की सांगतो, ही काच चार मिलिमीटरची का पाचची, नवी का जुनी, प्रामाणिक का लबाड. माणसाला टिचकी मारून कळत नाही, हे मला नंतर कळलं. ते येईलच पुढे.

आमच्या घरात सहा हिरवे ग्लास होते. सासऱ्यांनी लग्नात दिलेले. सासरे तेव्हा बोटीवर भांडारात कामाला होते, कुठल्याशा बंदरातून आणले होते. पातळ, कडेला बारीक नक्षी, कोवळ्या पानासारखा रंग. देताना सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, "काचवाल्याच्या घरी देतोय. बघू किती दिवस टिकतात." लोक हसले. मीही हसलो. पण ते हसू छत्तीस वर्षं माझ्या घशात अडकलंय. कारण हा गृहस्थ घरी आला, की लेकीची विचारपूस नाही, नातवंडांची नाही. चपला काढायच्या आणि तडक कपाटापुढे उभं राहून बोटाने ग्लास मोजायचे. सहा भरले की नुसतं "हं" करायचे. त्या "हं"चा अर्थ, "आहेत वाटतं अजून, आश्चर्य आहे." मला काय, त्यांची इस्टेट नको होती. एकदा फक्त त्या तोंडातून "टिकवलेत हो" एवढं ऐकायचं होतं. दोघांपैकी एक जण जायच्या आत.

आणि त्यातला एक मी फोडला.

फोडला नाही, कापला. हे जास्त लाजिरवाणं आहे. झालं असं, की समोरच्या घरातले कॅशियरसाहेब दुपारी गप्पा मारायला आले होते. बँकेतून निवृत्त झालेत, आमच्या इमारतीचे सेक्रेटरीही तेच. त्यांना सगळ्या गोष्टींत शंका. म्हणाले, "सपाट काच कुणीही कापेल. गोल काच कापता येते का?"

आता हे मला विचारायचं? मी पेटीतून हिरकणी काढली, म्हणजे काच कापायचं आमचं हत्यार. समोर कपाटात हिरवा ग्लास. म्हटलं, "नुसतं दाखवतो हं, टेकवत नाही." डाव्या हाताने ग्लास फिरवला, उजव्यात हिरकणी. पण चाळीस वर्षांचा हात हो! माझं ऐकतोय कशाला? त्याने आपली रेघ मारली. आणि रेघ मारली की मागच्या बाजूने हळूच ठोकायचं, ही पुढची सवय. टक्.

ग्लासाचा वरचा भाग डाव्या हातात, खालचा उजव्या हातात. कड इतकी सरळ, की क्षणभर मला अभिमान वाटला. मग आठवलं, ग्लास कुणाचा ते.

कॅशियरसाहेबांनी टाळ्या वाजवल्या. "वा! आता जोडून दाखवा."

दोन्ही तुकडे फडक्यात गुंडाळून हत्यारांच्या पेटीत तळाशी घातले. उरलेले पाच ग्लास कपाटात असे तिरपे मांडले, की सहावा मागे असावा असं वाटेल. संध्याकाळी आमची ही घरी आली. शाळेच्या ऑफिसात आहे ती. पर्स खाली ठेवायच्या आत म्हणाली, "अहो, दादाचा फोन होता. बाबा येताहेत, येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी. महिनाभर राहतील. दादा म्हणतो, आता पूर्वीसारखे राहिले नाहीत."

मी पाणी पीत होतो. ते नाकातून बाहेर आलं.

दुसऱ्या दिवशी जुन्या बाजारात. तिथे एक जण मोडलेल्या घरांतलं, बंद पडलेल्या हॉटेलांतलं काचसामान विकतो. त्याला सगळे लाखात-एक म्हणतात, कारण फुटकी बरणी दाखवली तरी तो तेच बोलतो. मी म्हटलं, "एकच ग्लास पाहिजे. हिरवा, पातळ, नक्षीचा."

"सुटं देत नाही," तो म्हणाला. "खोकं घ्या. दोरी बांधलेलं. आत काय आहे, मलाही माहीत नाही."

"उघडून बघू का?"

"उघडलं की तुमचं."

अशी ही व्यापाराची पद्धत. मी सगळ्या खोक्यांना कान लावला, टिचक्या मारल्या. एकाच्या फटीतून हिरवी कड दिसली. अगदी तोच रंग! धावत घरी आणलं, दोरी कापली. कड ॲशट्रेची होती. खाली अकरा पिवळ्या वाट्या, एक निळसर मासा, आणि झाकण नसलेल्या चार बरण्या, किंवा बरण्या नसलेली चार झाकणं, मला अजून नक्की ठरवता आलेलं नाही.

एवढ्यात ही आली. "हे काय?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "छंद."

"छंद? तुम्हाला?"

"का? मला छंद असू नये? जुनी रंगीत काच जमवतोय. घराला शोभा येते."

मला वाटलं आता माझी शोभा होणार. पण ती खोक्याकडे बघत राहिली. मग पदर खोचून खाली बसली आणि एकेक वस्तू उचलून बघायला लागली. "चांगला छंद आहे," म्हणाली. "आणा अजून." मी हबकलो. छत्तीस वर्षांत या बाईने माझ्या कुठल्याच गोष्टीला अजून आणा म्हटलेलं नाही.

मग काय, आणत सुटलो. रोज एक खोकं, कधी दोन. ही रोज संध्याकाळी आली, की आधी खोकी उचकायची, तळापर्यंत. मला वाटायचं, नवऱ्याचं कौतुक.

छंद म्हटल्यावर शेजारपाजार मागे राहतोय होय? वरच्या मजल्यावरच्या मावशी म्हणाल्या, रंगीत काच उन्हात ठेवावी, रंग खुलतो. खालच्या मजल्यावरचे मास्तर म्हणाले, उन्हात अजिबात नको, रंग उडतो. मी मधला मार्ग म्हणून सकाळी उन्हात आणि दुपारी सावलीत ठेवायला लागलो. कॅशियरसाहेब म्हणाले, "गरम पाण्यात सोडा घालून धुवा, तेज येतं." सहा लालभडक ग्लास होते, माणकासारखे. बादलीत बुडवले. दहा मिनिटांनी पाणी लाल आणि ग्लास पांढरे! वरून रंग लावलेला हो नुसता! त्याच बादलीत मी नंतर न बघता बनियन भिजवले. चाळीस वर्षं काचेत काढलेला माणूस, त्याला पेंटरने फसवावं, आणि पुरावा म्हणून त्याने गुलाबी बनियन घालून हिंडावं! हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. तुम्हीही ऐकलं नाही असं समजा.

शुक्रवार उजाडला. रविवारी सासरे येणार. घरात दीडशेच्या आसपास नग, आणि त्यात तसला हिरवा ग्लास एकही नाही. दोन हिरव्या वाट्या मात्र थेट त्याच रंगाच्या होत्या. मी कॅशियरसाहेबांना विचारलं, "ह्या आणि आमचे ग्लास एकाच कारखान्यातले असतील का हो? असले तर तो लाखात-एक सांगेल कुठल्या घरातून आल्या."

ते घरी जाऊन जांभळ्या उजेडाचा दिवा घेऊन आले, नोटा तपासायचा. "नकली नोट ओळखतो हा. काच काय चीज आहे!" पडदे ओढले, दिवा लावला.

वाट्या पेटल्या. आग नाही, आग परवडली असती. आतून हिरव्यागार उजळल्या, काजव्याच्या पोटासारख्या. आम्ही दोघं एकमेकांकडे बघतोय. साहेबांनी मोबाईलवर काहीतरी टाइप केलं, वाचलं, आणि त्यांचा चेहरा नोटांत तूट निघाल्यासारखा झाला.

"युरेनियम," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"अणुबॉम्बात घालतात ते!"

आणि मागच्या मागे पळाले. पळताना पिवळ्या वाट्यांच्या खोक्यात पाय घातला. अकराच्या सात झाल्या.

अर्ध्या तासात अख्खी इमारत जिन्यात. मावशी म्हणाल्या, "ओलं पोतं टाका वर." मास्तर म्हणाले, "पुरून टाका, पण आमच्या खिडकीखाली नको." एक बाई रडत म्हणाल्या, "म्हणूनच माझे केस गळतात!" अहो बाई, वाट्या मंगळवारी आल्या, तुमचे केस मी या इमारतीत राहायला आलो तेव्हापासून गळताहेत! पण बोलणार कोण? सेक्रेटरी या नात्याने कॅशियरसाहेबांनी खाली फळ्यावर सूचना लिहिली: "घर क्रमांक सातमधील रहिवाशांनी जिना उतरण्यापूर्वी आवाज द्यावा." छत्तीस वर्षं ज्या जिन्याच्या काचा मी फुकट बदलून दिल्या, त्या जिन्यात मी "येतोय हो" असं ओरडत उतरायचं!

तसाच ओरडत उतरलो आणि सरकारी कचेरीत गेलो. म्हटलं, कुणीतरी शहाण्या माणसाने लिहून द्यावं, की भीती नाही. खिडकीतल्या कारकुनाने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "वाटीसाठी अर्ज नाही."

"मग कशासाठी आहे?"

"पडायला आलेलं झाड, पिसाळलेलं कुत्रं, धोकादायक इमारत."

दोघांनी विचार केला. झाड आणि कुत्रं बसेना, म्हणून इमारतीचा अर्ज घेतला. "मजले किती?" म्हणाला. म्हटलं, दोन वाट्या. त्याने लिहिलं, दोन. "राहणारे?" म्हटलं, कुणी नाही, कधीमधी चटणी. "रिकामी," त्याने लिहिलं. "तडे?" म्हटलं, एकीला बारीकसा आहे. त्यावर तो एकदम गंभीर झाला आणि ठप्पा मारला. "तडा आहे तर उद्याच माणूस येईल."

शनिवारी सकाळी इंजिनीअर आला. डोक्यावर हेल्मेट, हातात हातोडी आणि फीत. दारातच विचारतो, "पाडायचं काय आहे?"

नशीब माझं, की मास्तरांनी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या एका बाईंनाही बोलावलं होतं. शांत बाई, चष्मा, हातात स्वतःचा तसलाच दिवा आणि एक टिकटिकणारं यंत्र. त्यांनी वाट्या बघितल्या आणि हसल्या. "पूर्वी हा रंग येण्यासाठी काचेत चिमूटभर युरेनियम मिसळायचे. कपाटात ठेवा, बघा, काही होत नाही. रोज त्यातून खाऊपिऊ नका, बस." जिन्यातून सुस्कारा ऐकू आला. त्यात थोडी निराशाही होती, मला कळतं.

तेवढ्यात बाईंची नजर कपाटाकडे गेली. "अय्या, हे ग्लासही त्यातलेच दिसतात."

"सासऱ्यांनी दिलेले," मी छाती काढून म्हणालो. "एकाच सेटचे. अस्सल."

आमची ही स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. एकदम म्हणाली, "ते राहू द्या, बाई. चहा घ्या." बाईंनी दिवा लावलाही.

दोन ग्लास उजळले. तीन तसेच, मख्ख.

बाईंनी चष्मा सावरला. "हे दोन एका सेटचे. हे तीन नाहीत. आणि हे तीन आपसातही वेगळे आहेत. नक्षी बघा ना. याला फुलं, याला पानं, आणि हे तर द्राक्षं आहेत."

द्राक्षं! चाळीस वर्षं काचेत, हातभर अंतरावर कपाट, आणि मला द्राक्षं दिसली नाहीत! मी हिच्याकडे बघितलं. ही फरशीकडे बघत होती.

"अगं?"

"पहिला लग्नानंतर आठव्या महिन्यात," ती हळूच म्हणाली. "धुताना. तुम्ही कामावर होतात. दुसरा थोरलीने, चेंडू मारून."

"आणि तिसरा?"

"तिसरा तुमच्या अंगावर फेकायला उचलला होता. मग फेकला नाही. पण खाली ठेवताना जरा जोरात ठेवला गेला."

जिन्यातून कुणीतरी विचारलं, "कशावरून भांडण होतं?" मी दार लावून घेतलं.

"आणि मी एवढी वर्षं टिचकी मारून लोकांना दाखवायचो, हा बघा अस्सल आवाज!"

"तो तुम्ही दर वेळी द्राक्षांचाच उचलायचात," ही म्हणाली. मग तिने कपाटात डोकावून पाहिलं. "पण हे पाचच कसे?"

घ्या! छत्तीस वर्षांच्या गुन्हेगाराने माझ्यावर चौकशी लावली. मी गपगुमान पेटीच्या तळातून फडकं काढलं, उलगडलं. तिने दोन्ही तुकडे हातात घेतले, कडेवरून बोट फिरवलं. "काय सरळ कापलाय हो," म्हणाली. आणि मग आम्हाला दोघांनाही जे हसू फुटलं! हेल्मेटवाला इंजिनीअर बिचारा आळीपाळीने आमच्याकडे बघत होता. शेवटी त्याने अर्जावर लिहिलं, "इमारत राहण्यास योग्य," आणि चहा पिऊन गेला.

माझा खरा धक्का त्यानंतरचा. ही म्हणाली, "काळजी करू नका. शाळेत माझ्या कपाटात एक जादा ठेवलाय. बारा वर्षं झाली. वेळप्रसंगी असावा म्हणून."

मी दीडशे नगांच्या मधोमध मटकन खाली बसलो. "मग रोज माझी खोकी कशाला उचकत होतीस?"

"अजून एक मिळाला तर," ती म्हणाली. "तुमचा काय भरवसा."

तर रविवारी कपाटात सहा हिरवे ग्लास उभे. दोन खरे, चार लबाड, सगळे एका रांगेत. सासरे आले. हिच्या दादाने त्यांना टॅक्सीतून उतरवून दिलं. वाळलेत हो खूप. चपला काढल्या. मी कपाटाशेजारी उभा. ते कपाटाकडे गेलेच नाहीत. येऊन इथे, या स्टुलावर बसले. हिने हिरव्या ग्लासात पाणी दिलं. लबाडातल्या, युरेनियमवाल्यात नाही. त्यांनी ग्लास फिरवून पाहिला.

"हा कुणाचा?"

"तुमचाच की, बाबा. तुम्ही दिलेला. बोटीवरून आणलेला."

"मी निळे दिले होते," सासरे म्हणाले.

"हिरवे, बाबा."

"निळे. तुझ्या आईने निवडले होते. आईला निळा आवडायचा." आणि तिच्याकडे असे बघायला लागले, की ही कोण बाई माझ्याशी वाद घालते आहे. हिने ग्लास उचलला आणि आत गेली. नळ सोडला. बराच वेळ सोडला. भांडी घासल्याचा आवाज येत नव्हता.

मी काय करणार? मला दोनच गोष्टी कळतात, काच आणि खोकी. खोकी उपसायला लागलो. पलंगाखालच्या खोक्यात कागदात गुंडाळलेले निळे ग्लास सापडले. एक पुसला, पाणी भरलं, त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीकडे धरला. उजेड आरपार आला, त्यांच्या गालावर निळा डाग पडला. म्हातारा लहान पोरासारखा हसला.

"हा बघ. हाच." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "टिकवलेत हो, जावईबापू. काचवाल्याच्या घरात टिकवलेत."

छत्तीस वर्षं ज्याच्यासाठी थांबलो होतो, ते आलं. आलं ते लाखात-एकच्या खोक्यातल्या, आठ दिवसांपूर्वी आणलेल्या ग्लासाबद्दल. खरं सांगायला पाहिजे होतं का? तुम्ही असतात तर सांगितलं असतंत? मी म्हटलं, "तुमचीच ठेव, बाबा. जपली." आणि डोळ्यांत काही गेलं म्हणून बनियनला पुसले. आत नळ बंद झाला. ही दारात येऊन उभी राहिली. दुपारी हिरवे ग्लास तिनेच उचलून खोक्यात भरले आणि निळे कपाटात मांडले.

झालं एवढंच, की चहा पिऊन सासरे उठले, कपाटापुढे गेले आणि बोट वर केलं. एक, दोन, तीन, चार.

वळले. तीच ती जुनी नजर, जशीच्या तशी.

"बाकीचे दोन?"

मी म्हटलं, धुवायला टाकलेत. ते म्हणाले, "हं." त्याला आता पाच दिवस झाले. कोण कधी आलं, जेवण झालं का, सगळं विसरतात. हे तेवढं विसरत नाहीत. रोज सकाळी उठले की मोजतात आणि विचारतात, अजून धुताय का?

हळू बोला, ते आतल्या खोलीत आडवे झालेत. हा घ्या ग्लास, धरून बघा. दोन्ही हातांनी धरा, मी स्वतःवरसुद्धा भरवसा ठेवत नाही आता. उभ्या रेघा आहेत, बुड जाड आहे, रंग दुपारच्या आभाळासारखा. बघितलात नीट? आता घरी गेलात, की तुमच्या आईच्या कपाटात बघा, मावशीच्या माळ्यावर बघा, ऑफिसात कुणी पेनं ठेवायला वापरत असेल तर तो रिकामा करा. असे दोन पाहिजेत. एकोणीस-वीस फरक असला तरी चालेल, द्राक्षं असली तरीही चालतील. मिळाले की कागदात गुंडाळून घेऊन या. फक्त एवढं करा, सकाळी नऊच्या आत या, त्यांनी मोजायच्या आधी.